पाकळी पडेपर्यंत

पाकळी पडत नव्हती. मी माजघरात गोधडीवर पडले होते. पोटातलं मूल आडवं झालं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आला होता. सुईण चांगुणाबाय पायाशी बसली होती आणि त्या हाताला हात लावू की नको, या विचारात तिला घाम फुटला होता. दार उघडं होतं, त्यातून अंगण दिसायचं. अंगणात आमच्या देवीची घुमटी, घुमटीसमोर मांडी घालून बसलेले माझे वडील, आणि देवीच्या काळ्या दगडावर पाण्याने चिकटवलेल्या तगरीच्या दोन पाकळ्या, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवी आधी पडली तर मला पनवेलला दवाखान्यात न्यायचं, डावी पडली तर घरीच ठेवायचं. भादव्यातली दुपार होती. वारा पडला होता. दगड ओलसर होता. दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे होत्या.

"बाबा, तिला टेम्पोत घालू या," माझा भाऊ म्हणाला. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते.

"देवी बोलली नाय अजून."

"बोलंल कशी? वारा हाय कुटं?"

"वारा बी तिचाच हाय," वडील म्हणाले.

कळ आली की मला ऐकू यायचं बंद व्हायचं. कळ ओसरली की त्यांचं बोलणं पुढे गेलेलं असायचं, पण फार पुढे नाही. बांधावर याकूबभाईंचा टेम्पो उभा होता. याकूबभाई पनवेलच्या मोहल्ल्यातले. आमच्या बाजूची मासळी आणि पेंढा त्यांच्या टेम्पोतून बाजारात जायचा. त्या दिवशी ते पेंढा भरायला आले होते, दादाने त्यांना थांबवून धरलं होतं. ते अंगणाच्या कडेला चपला काढून उभे राहिले होते. आमच्या देवीसमोर काय बोलावं आणि काय नाही, ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "काका, तकदीर माझ्या टेम्पोला पण लागू हाय. तरी मी डिझेल भरतोच ना." वडिलांनी मान वळवली नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, बाप दगडाच्या काळजाचा होता. नव्हता. माझ्या डोहाळ्यांना खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून त्यांनी स्वतः निवट्या धरून आणल्या होत्या. निवटी हा चिखलात उड्या मारणारा मासा, हातात येत नाही. त्यासाठी माणूस तासन्‌तास वाकून राहतो. आईने त्याचं चिंच घालून कालवण केलं आणि वडील मला खाताना बघत बसले. तोच माणूस आता पाकळीकडे बघत बसला होता.

आमचं घर खाडीच्या बांधाला लागून होतं. भरती आली की बांधाच्या फळीखालून पाणी आत शिरताना भाकरी भाजल्यासारखा चरचर आवाज यायचा. डोंगराकडच्या खाणीत दुपारी सुरुंग उडायचे, त्यांनी मडक्यावरची झाकणं हलायची. वारा वरचा असला तर पनवेलच्या गाडीची शिटी ऐकू यायची, आणि आई म्हणायची, पाऊस लांबला. तांदळाची भाकरी, सुकट, वाल, खाडीची कोळंबी, उन्हाळ्यात कैरी घातलेलं सगळं काही. घरात भांडण कमी होतं. कारण भांडण ज्यावरून व्हावं, ते सगळं अंगणात ठरायचं.

वडील कौल लावायचे. हे काम आमच्याच घराकडे होतं, आजोबांच्याही आधीपासून. लोक यायचे, नारळ ठेवायचे, प्रश्न सांगायचे. बैल हरवला, मिळेल का. मुलीला अमक्या गावी द्यावी का. मुलाला आखातात पाठवावं का. वडील अंघोळ करून ओल्या पंच्याने बसायचे, पाकळ्या पाण्यात बुडवून दगडाला लावायचे आणि मोठ्याने विचारायचे. कौल लागलेला असताना बायकांनी घुमटीपुढून जायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, कौल अर्धा सोडून उठायचं नाही. जो उठेल, पुढचा सगळा दोष त्याच्या माथी. एरवी खाडीवरून वारा असायचाच, घटकाभरात एखादी पाकळी सुटायची. लोक उठून घरी जायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी नेहमी एकच गोष्ट बघितली. उत्तर हो असो की नाही, त्यांचं ओझं उतरलेलं असायचं.

माझी शाळाही तशीच सुटली. गावातली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला पुढच्या गावी चालत जायचं होतं. मुलीला पाठवू का म्हणून वडिलांनी विचारलं, डावी पडली, मी शेण थापायला लागले. दादाची चौथी झाली तेव्हा कौल लावला नव्हता, नुसती चड्डी शिवायला टाकली होती. मला तेव्हाही हे दिसत होतं. देवीला तेच विचारायचं ज्याचं उत्तर आपल्याला द्यायचं नसतं. पण हे मी त्या वयात कोणाला बोलले नाही. बोलले असते तर आईने तोंडात मारली असती, आणि तिचं बरोबरच असतं. त्या घरात राहायचं होतं मला.

दादा पुढे पनवेलला कॉलेजात गेला आणि जेवताना वाद घालायला लागला. एक वाद मला पाठ आहे, कारण तो दर काही दिवसांनी व्हायचा.

"बाबा, सगळं आधीच ठरलेलं हाय ना?"

"हाय."

"मग विचारता कशाला? ठरलंय ते व्हईल."

"काय ठरलंय ते कळावं म्हणून."

"कळून करणार काय?"

"तयारी."

"तयारी केली म्हंजे बदललं की. मग ठरलेलं कुटं राहिलं?"

वडील घास चावून संपवायचे. मग म्हणायचे, "तयारी करनार, हे बी ठरलेलंच."

"मग मी वाद घालतो ते?"

"ते बी."

"आणि भाकरी थंड झाली ते बी," आई म्हणायची. "खावा दोघं. देवीनं लिवलंय तुमच्या कपाळी का खावा म्हणून."

दादाला वाटायचं आपण जिंकलो. वडिलांना काहीच वाटायचं नाही. सरकारने नवीन शहरासाठी खाडीकाठच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली तेव्हा वडिलांनी, जमीन द्यावी का, असा कौल लावला. डावी पडली. नोटीस त्याआधीच आलेली होती आणि जमीन गेलीच. दादा म्हणाला, "आता?" वडील म्हणाले, "देवीनं देऊ नको सांगितलं. मी दिली नाय. त्यांनी घेतली."  

वडील असे का झाले, ते मला आईने सांगितलं होतं. त्यांना एक धाकटा भाऊ होता, महादू. मी त्याला बघितलेला नाही. उधाणाच्या दिवसांत दोघे भाऊ जाळं घेऊन खाडीत निघाले होते. आजोबा म्हणाले, थांबा, विचारतो. वडील तेव्हा तरणे. ते म्हणाले, मासळी काय देवीला विचारून येते, आणि होडी काढली. होडी उलटली. वडील पोहून बांधाला लागले. महादू दुसऱ्या ओहोटीला सापडला. तेव्हापासून माझ्या बापाने आयुष्यात स्वतः काही ठरवलं नाही. कुठला शर्ट घालायचा हेसुद्धा आई काढून द्यायची. लोक म्हणायचे, मोठा श्रद्धाळू माणूस. मला वाटतं, तो घाबरलेला माणूस होता. महादूचं मरण देवीने लिहिलं होतं असं मानलं तर तो भावाला मारणारा नव्हता, आणि तसं मानायचं तर मग सगळंच लिहिलेलं मानावं लागतं, बैलापासून लेकीपर्यंत. मध्येच कुठे तोडता येत नाही.

माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, मुंबईत खूप शिकला. परवा गणपतीत आला तेव्हा म्हणाला, "आत्या, माणसाला वाटतं मी ठरवलं. खरं म्हणजे डोक्यात आधीच ठरून गेलेलं असतं, आपल्याला मागून कळतं." मी विचारलं, हे कोणी सांगितलं. तो म्हणाला, शास्त्रज्ञांनी. मी म्हटलं, तुझा आजा हेच सांगायचा, त्यासाठी तुला एवढी फी कशाला भरावी लागली. तो हसला. मग म्हणाला, "पण तू काय मानतेस?" मी त्याला मोदक वाढला. जिथे आमची घुमटी होती तिथे आता फरशी बसवलेलं देऊळ आहे, चारी बाजूंनी इमारती आहेत, आणि भक्तांनी आत पंखा लावून दिला आहे. पंखा चालू असला की पाकळ्या टिकतच नाहीत, एका मिनिटात निकाल. लोक खूश असतात.

माझं लग्नही कौलाने झालं. उजवी पडली आणि मला मोरा बंदरात दिली. आमचे हे तिथल्या लाँचवर कामाला होते. सकाळी मुंबई, संध्याकाळी परत. माणूस बरा होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी श्रावणात आले होते. मोऱ्याला निरोप पाठवायचा तर कोणीतरी एसटीने जायला हवं होतं, आणि लाँचवरचा माणूस संध्याकाळशिवाय धक्क्याला लागायचा नाही. म्हणजे त्या दुपारी नवरा असून नसल्यासारखा. ठरवायचं होतं ते माझ्या बापाने.

मला आदल्या संध्याकाळपासून कळा होत्या. सकाळी चांगुणाबायने पोट चाचपलं आणि पुन्हा चाचपलं. आईने विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "आडवा हाय गो पोर. फिरतोय का बघू." तिने तेल लावून बघितलं, मला कुशीवर करून बघितलं. मूल फिरलं नाही. दुपारी पाणी गेलं आणि हात आला. तेव्हा ती बाहेर जाऊन वडिलांना म्हणाली, "भाऊ, माज्या हातातलं नाय. देवीला विचारा." ती, दवाखान्यात न्या, असं म्हणाली नाही. तिचंही बरोबर होतं. न्या म्हणाली असती आणि मी वाटेत मेले असते, तर पुन्हा कोणी तिला बोलावलं नसतं. त्या दिवशी त्या घरात जो तो आपलं बोट दुसऱ्याकडे करत होता, आणि सगळी बोटं शेवटी दगडाकडे जात होती.

दादा ओरडायला लागला. त्याने कॉलेजातलं सगळं काढलं. डॉक्टर, विज्ञान, अडाणीपणा. तो जसजसा ओरडत गेला तसतसे वडील आक्रसत गेले. मला ते गोधडीवरून दिसत होतं. त्यांच्या पाठीचा कणा दिसत होता, आणि तो दगडासारखा झाला होता. दादा म्हणाला, "मरंल ती." वडील म्हणाले, "लिवलेलं आसंल तर मरंल. टेम्पोत बी मरंल." दादा म्हणाला, "आणि लिवलेलं नसंल तर?" वडील म्हणाले, "तर हितं बी वाचंल." असं बोलणाऱ्या माणसाला हरवता येत नाही. कुठूनही धरलं तरी ते निसटतं, निवटीसारखं.

मी हाक मारली. "बाबा, मला न्या." आवाज किती गेला कोण जाणे. त्यांनी मान खाली घातली, म्हणजे गेला असावा. मग मी चांगुणाबायला म्हटलं, "उठव मला." ती म्हणाली, "उठू नको गो बाय, हात हाय बाहेर." मी कोपरावर झाले. तेवढंच जमलं. कोपरावर होऊन मी दाराकडे बघत राहिले. वडील मागे वळून एकदा बघतील, एवढं मला पाहिजे होतं. ते वळले नाहीत.

तेव्हा आई माझ्या उशापासून उठली. तिने पदर डोक्यावरून घेतला, ओटी उतरली आणि अंगण ओलांडून घुमटीपुढे, वडील आणि देवी यांच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिली. कौल लागलेला असताना तिला तिथे उभी मी कधी बघितली नव्हती, कोणीच बघितली नव्हती.  याकूबभाई एक पाऊल मागे सरले. माझी आई शाळेत एकही दिवस गेलेली नव्हती आणि देवीवर तिचा वडिलांपेक्षा जास्त विश्वास होता. ती सटवाईला मानायची. मूल जन्मलं की सहाव्या दिवशी सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, त्यासाठी पाटावर कोरा कागद, दौत आणि लेखणी ठेवायची असते. आम्हा भावंडांच्या सटीला तिने कागद ठेवले होते आणि ते जपून ठेवले होते, कोरेच्या कोरे. आपल्याला दिसत नाही म्हणून लिहिलेलं नाही असं नसतं, असं ती म्हणायची.

ती वडिलांना म्हणाली, "बायचं लिवलेलं आसंल. मी नाय म्हनत नाय. तिची सटी मीच केली."

वडिलांनी मान वर केली.

"तिच्या पोराची सटी झालीय का?"

"जल्माला यायचाय अजून तो," वडील म्हणाले.

"मंग त्याचं कुटं लिवलंय? कोन लिवनार? सटवाई आली का अजून?" तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलं म्हणून सांगावं तसा. "ज्याचं लिवलंच नाय त्याचं काय वाचत बसलाव तुमी?"

 खाणीकडे सुरुंग उडाला. मला आठवतंय, कारण मला वाटलं की आता या हादऱ्याने पाकळी पडेल, आणि ती डावी असेल. पण मी पाकळ्यांकडे बघितलंच नाही, वडिलांकडे बघत होते. ते आईकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी दादाच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं, कारण दादाचा प्रश्न बाहेरून यायचा. हा घरातून आला होता. सटवाई खोटी म्हणायची सोय त्यांना नव्हती. ती खोटी असेल तर महादूच्या कपाळी कोणी लिहिलं होतं?

"मी उठलो तर दोष माजा," ते म्हणाले. आईला नाही, कोणालाच नाही.

"व्हय," आई म्हणाली. "घ्या."

वडील उठले. गुडघ्यावर हात टेकून, म्हाताऱ्यासारखे. तेव्हा ते पन्नाशीचे होते. कौल अर्धा राहिला. मागाहून गावात बोलणं झालं. कोणी म्हणालं, ते उठले त्याच क्षणी उजवी पडली. कोणी म्हणालं, डावी पडली होती आणि तरी ते उठले. आम्ही कोणी मागे वळून बघितलं नाही, त्यामुळे ज्याला जे पाहिजे ते त्याने ठेवावं.

मला दाराच्या फळीवर घालून टेम्पोत ठेवलं. टेम्पोत पेंढा होता तो याकूबभाईंनी अर्धा खाली ओढून टाकला, अर्धा माझ्याखाली राहू दिला. दादा पुढे बसला. आई माझं डोकं मांडीवर घेऊन, चांगुणाबाय पायाशी. वडील मागच्या फळकुटाला धरून उभे राहिले. रस्ता नवीन शहराच्या कामासाठी उखडलेला होता. खड्डा आला की याकूबभाई आतून ओरडायचे, "ताई, धरा," आणि मी आईचा दंड धरायचे. वाटेत केव्हातरी चांगुणाबायने माझ्या पोटावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. मग तो काढून घेतला. तिने आईकडे बघितलं. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या. तरुण होत्या, केस कापलेले. त्यांनी मला बघितलं आणि आरडाओरडा केला नाही, हे मला बरं वाटलं. म्हणाल्या, पोट फाडावं लागेल, सही कोण करणार. नवरा कुठे? नवरा लाँचवर. मग वडील. दादाने पेन घेऊन वडिलांपुढे धरलं. वडील म्हणाले, "तू कर." दादा म्हणाला, "तुमी करा, बाबा." मला वाटलं इथेही ते फूल शोधतील. त्यांनी पेन घेतलं, ते कसं धरायचं ते त्यांना नीट येत नव्हतं, मग अंगठा पुढे केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काही होऊ शकतं, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," वडील म्हणाले. "मी सांगतोय, करा. काय झालं तर मला विचारा. दुसऱ्या कोनाला नको."

हे मी स्ट्रेचरवरून ऐकलेलं शेवटचं वाक्य. आयुष्यात मी त्यांच्या तोंडून अनेक वाक्यं ऐकली, पण "मी सांगतोय, करा" असं हे पहिलंच.

शुद्धीवर आले तेव्हा खिडकीतून पनवेल स्टँडवरच्या कंडक्टरची घंटी ऐकू येत होती आणि कोणीतरी वडे तळत होतं. त्या वासाने मला भूक लागली. अशा वेळी भूक लागते हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. आई म्हणाली, पाणीसुद्धा मिळणार नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला बाकीचं कळलं. आमचे हे निरोप मिळून मोऱ्याहून आले होते, अंगाला डिझेलचा वास, दाराशी उभे. त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला, त्यांना दुसरीकडे कुठे ठेवावा कळलं नसावं.

दादाने डॉक्टरबाईंना विचारलं, दुपारी हात आला तेव्हाच आणलं असतं तर. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित. कदाचित नाही." दादाला यातलं पहिलं ऐकू आलं, आणि तो पुढे कित्येक वर्षं वडिलांशी बोलला नाही. मला दोन्ही ऐकू आलं.

वडील व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. माझी खाट दाराजवळ होती, म्हणून त्यांचं आणि आईचं बोलणं मला ऐकू येत होतं.  वडील म्हणाले, "त्याचं तेवढंच लिवलेलं व्हतं. नाय का?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हणाली असती तर तो माणूस सुटला असता, आणि पुढची वर्षं आमच्या घरात सगळ्यांना सोपी गेली असती. आईनेही तो विचार केला असणार. तिला नवऱ्याची दया नव्हती असं नाही.

"नाय," ती म्हणाली. "त्याचं कायच लिवलेलं नव्हतं."

वडील रडले. पुरुष रडताना आवाज दाबतात, त्यांनी दाबला नाही. नर्स बघून गेली. आई त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि घरून निघताना फडक्यात बांधून घेतलेली भाकरी तिने सोडली. दोघांनी ती खाल्ली. मला वाटतं, त्या रडण्यात महादूही होता. पण हे माझं वाटणं आहे, त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर त्यांनी घरच्या कोणत्याही गोष्टीसाठी कौल लावला नाही. गावासाठी लावत राहिले, लोक ऐकायचे नाहीत. पण आजारी माणसाचा प्रश्न घेऊन कोणी आलं की नारळ परत द्यायचे आणि म्हणायचे, आधी पनवेलला जा, मग ये. पुढे माझं दुसरं बाळंतपण आलं. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या वडिलांना विचार. मी विचारलं. ते म्हणाले, "दवाखान्यात. मी सांगतो." तिला, माझ्या मुलीला, आता स्वतःची मुलं आहेत.

नशीब असतं की नसतं, मला ठाऊक नाही. चौथी शिकलेल्या बाईने ते सांगूही नये. मी त्या घरात जन्मले, मुलगी म्हणून जन्मले, यातलं मी काही ठरवलं नव्हतं. आई त्या दुपारी उठली, ते तिने ठरवलं, की दादाच्या ओरडण्याने, की माझ्या कोपरावर होण्याने, की तिच्या त्या कोऱ्या कागदांनी तिला उठवलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. मला एवढंच कळतं की विचारत बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या तरी अंगातून जातो. त्या दिवशी तो दोघांच्या अंगातून जात होता.

मुलगा होता. तो वाचला नाही. मी वाचले.